डब्यात कोंडलेला अँटेना

मित्रांनो, आज घरी एक प्रश्न विचारा. आई-बाबांच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या की काय व्हायचं? ते आधी हसतील. मग सांगतील, की एक जण गच्चीवर जाऊन अँटेनाचा दांडा फिरवायचा, दुसरा जिन्यात उभा राहायचा आणि तिसरा टीव्हीसमोर बसून ओरडायचा. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं... अरे, गेलं!" जिन्यातल्याचं काम फक्त निरोप पोहोचवायचं. बहुतेक वेळा तो घरातला सगळ्यात धाकटा असायचा.

आता गच्च्यांवर ते ॲल्युमिनियमचे सांगाडे फारसे दिसत नाहीत. म्हणून अँटेना गेला असं समजू नका. उलट त्याचा वंश वाढला. एका मोबाइलमध्येच चार-पाच अँटेना असतात. राउटरला असतात, ब्लूटूथच्या स्पीकरमध्ये असतो, लॅपटॉपमध्ये असतात. दिसत नाहीत इतकंच. आणि जी वस्तू दिसत नाही ती नीट चालेनाशी झाली, की आपण भलत्यालाच दोष देतो.

असं धरा, की सुट्टीत तुम्ही मामाकडे आला आहात. बदलापूर स्टेशनला उतरायचं, मुळगावच्या रस्त्यानं बारवी धरणाकडे निघायचं, धरणाच्या अलीकडे मामाचं गाव. तुमच्या ताईचा, म्हणजे मामेबहिणीचा, दहावीचा निकाल नुकताच लागलाय. अकरावीचा अर्ज ऑनलाइन भरायचाय आणि मुदतीचे दोनच दिवस उरलेत. मामानं तिला अभ्यासासाठी एक जुना, हातात मावणारा छोटा संगणक घेऊन दिलाय. वहीएवढा. वर पडदा, खाली बारीक कळा आणि अंगावर करड्या रंगाचं ॲल्युमिनियम. पडला तर पोचा येईल, पण फुटायचा नाही. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतो, "प्लॅस्टिक नाही हो, अस्सल धातूचा आहे!"

दुखणं नेमकं तिथंच आहे. राउटर माजघरात. मामाचा साधा मोबाइल बाहेर ओसरीवरही छान चालतो. ताईचा संगणक मात्र राउटरपासून चार पावलं दूर गेला की मान टाकतो. अर्जाचं पान अर्धं येतं आणि चाक फिरत बसतं. ताई म्हणते, "रेंजच नाही." मामी म्हणते, "एकीकडे डोंगर, एकीकडे धरणाचं पाणी, इथं कसली आलीय रेंज!" मामा म्हणतो, "नवा राउटर आणू या."

तिघांचाही अंदाज चुकलाय. ओसरीवर मोबाइल चालतो, म्हणजे वाय-फायच्या लहरी तिथवर पोहोचल्या आहेत. मामींचा पाण्यावरचा राग अगदीच खोटा नाही. पाणी या लहरी शोषून घेतं खरं, पण लहरींना पाण्यातून आरपार जावं लागलं तर. धरणाचं पाणी काही माजघर आणि ओसरीच्या मध्ये येत नाही! लहरी संगणकाच्या दारापर्यंत येतात आणि दारातूनच परत जातात. दार म्हणजे तेच, कौतुकाचं ॲल्युमिनियम.

विश्वास बसत नाही? मग करूनच पाहा.

घरातला झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा घ्या. मोबाइलवर गाणं लावा आणि ते ब्लूटूथच्या स्पीकरवर वाजू द्या. ब्लूटूथच्या लहरी वाय-फायच्या भावकीतल्याच, २.४ गिगाहर्ट्झच्या. आता मोबाइल डब्यात ठेवा, झाकण लावा आणि स्पीकर घेऊन हळूहळू दूर जा. काही पावलांवर गाणं अडखळेल, मग थांबेल. तिथंच उभे राहा आणि धाकट्या भावाला झाकण काढायला सांगा. गाणं पुन्हा सुरू! आता हाच खेळ प्लॅस्टिकच्या डब्यानं करा. काही फरक नाही. मग मोबाइलला पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचे दोन घट्ट वेढे द्या आणि पुन्हा पाहा. (मोबाइल चार्जिंगला लावलेला नको, आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर काढा.)

स्टीलच्या डब्यात ठेवूनही गाणं जवळच्या जवळ वाजत राहिलं तर प्रयोग फसला असं मानू नका. झाकणाच्या कडेच्या फटीतून थोड्या लहरी निसटतात. ही फट लक्षात ठेवा, पुढं ती आपल्या कामाला येणार आहे.

धातू असं का करतो? धातूमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे हिंडत असतात. रेडिओ लहर येऊन आदळली की ते तिच्या तालावर मागं-पुढं डोलू लागतात आणि त्या डोलण्यातून उलट दिशेची लहर तयार होते. परिणाम असा, की आलेली लहर मागं परतते आणि धातूच्या आत तिचा मागमूसही राहत नाही. यासाठी धातू जाड असावा लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर ॲल्युमिनियममध्ये दोन मायक्रॉनच्या आतच बरीचशी विरून जाते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पोळीचा चंदेरी कागदसुद्धा दहा-अकरा मायक्रॉनचा असतो. मग संगणकाच्या मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याची काय कथा!

१८३६ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं बारा फुटी लाकडी सांगाडा उभारून तो धातूनं मढवला, उपकरणं घेऊन तो स्वतः आत जाऊन बसला आणि बाहेरून त्या खोलीला विजेचे जोरदार झटके द्यायला लावले. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आत फॅरेडेच्या नाजूक उपकरणांना काही कळलंसुद्धा नाही. अशा खोलीला आजही फॅरेडेचा पिंजरा म्हणतात. ताईचा संगणक म्हणजे खिशात मावणारा फॅरेडेचा पिंजराच. फक्त त्यात अँटेना कोंडलाय.

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच भागाकार आहे. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. तिची लांबी सेंटिमीटरमध्ये हवी असेल तर ३० ला गिगाहर्ट्झच्या आकड्यानं भागा. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणून ३० भागिले २.४, उत्तर साडेबारा सेंटिमीटर. वाय-फायचा दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झच्या वरचा, त्याची लांबी पाच-सहा सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर या दोन्ही लहरी मोजून पाहा.

ही लांबी कळली की पुष्कळ कोडी सुटतात. बारवी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ७२.६० मीटरला पोहोचली की पाण्याच्याच जोरानं ते उघडतात आणि पाणी नदीत जातं. भिंत कितीही भक्कम असो, दरवाजातून पाणी निघणारच. धातूच्या भिंतीचंही तसंच, लहरींना दरवाजा लागतो. पण एक मोठा फरक आहे. पाणी केसाएवढ्या फटीतूनही पाझरतं. लहर पाझरत नाही! फटीची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्म्याच्या आसपास असेल तर ती खुशाल बाहेर पडते. फट त्याहून खूपच आखूड असेल तर लहरीच्या लेखी तिथं भिंतच असते. साडेबाराच्या निम्मे सव्वासहा सेंटिमीटर. म्हणजे कुणी सांगितलं, "मागच्या पत्र्याला दोन-चार भोकं पाड, रेंज येईल," तर ते ऐकू नका. भोकं पडतील, रेंज येणार नाही. कळांच्या आणि पडद्याच्या कडेनं ज्या लांबट फटी असतात, त्यांतूनच ताईच्या संगणकाला चार पावलांपुरतं वाय-फाय मिळतंय.

मायक्रोवेव्हच्या दाराला जाळी का असते, तेही इथंच कळतं. आतली लहर बारा सेंटिमीटरची, जाळीची भोकं मिलिमीटरभराची. प्रकाशाची लहर त्याहून खूपच लहान असते, म्हणून आतलं अन्न दिसतं, पण अन्न तापवणारी लहर आतच कोंडून राहते.

तर धातू हा अँटेनाचा वैरी, असं तुम्ही वहीत लिहायला निघाला असाल तर जरा थांबा. त्याआधी मामाच्या गावापासून फार लांब नाही अशा एका जागी तुम्हाला न्यायचंय. बदलापूरहून मुंबईकडे लोकल पकडा. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि कल्याण. १९६५ साली या कल्याणजवळ धातूच्या ३२ थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. प्रत्येक थाळी सहा फूट व्यासाची, म्हणजे सुमारे १.८ मीटर. २४ थाळ्या पूर्व-पश्चिम रांगेत, ६३० मीटरभर पसरलेल्या. उरलेल्या आठ उत्तर-दक्षिण, २५६ मीटरमध्ये. हा होता कल्याणचा रेडिओ टेलिस्कोप, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं उभारलेला. त्यामागचा माणूस म्हणजे गोविंद स्वरूप.

या थाळ्यांचा प्रवास मोठा गमतीचा. त्या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. सिडनीजवळ पॉट्स हिल इथं सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं त्या सूर्याचा अभ्यास करायला बसवल्या होत्या. तरुण गोविंद स्वरूप १९५३ साली तिथं शिकायला गेले. पुढं त्या थाळ्या मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा त्यांनी विचारलं, की या भारताला द्याल का? ऑस्ट्रेलियानं हो म्हटलं. स्वरूप नंतर अमेरिकेला गेले आणि १९६३ मध्ये परतले. थाळ्याही आधी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे होत्या, तिथून त्या टाटा संस्थेकडे आल्या. अखेर कल्याणला त्यांचं तोंड पुन्हा सूर्याकडे वळलं. दुसऱ्यानं टाकायला काढलेल्या वस्तूवर आपल्या देशातलं रेडिओ खगोलशास्त्र असं उभं राहिलं!

हा टेलिस्कोप ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ०.६१ गिगाहर्ट्झवर ऐकायचा. करा भागाकार. ३० भागिले ०.६१, सुमारे ४९ सेंटिमीटर. डोळ्यांना सूर्याची कड मध्यापेक्षा किंचित मंद दिसते (सूर्याकडे थेट पाहू नका हं, कधीच). कल्याणच्या थाळ्यांना मात्र या रेडिओ लहरींत कड अधिक उजळ दिसली. कारण या लहरी सूर्याच्या बाहेरच्या, लाखो अंशांनी तापलेल्या किरीटातून येतात.

आता मुद्द्याची गोष्ट. थाळी धातूची. मग तिनं लहरींना अडवलं नाही का? अडवलं ना! अडवून एका जागी गोळा केलं. अँटेनाची खरी कांडी थाळीच्या मागं नसते, समोर असते, जिथं सगळ्या परतलेल्या लहरी एकत्र येतात. थाळी म्हणजे आरसा. धातू अँटेनाच्या मागं आणि योग्य अंतरावर असला तर तो मित्र. पुढं आडवा आला किंवा अगदी अंगाला चिकटून बसला तर वैरी. सगळा फरक जागेचा.

अंगाला चिकटल्यानं काय बिघडतं? धातूवरून परतताना लहर उलटी होते, म्हणजे शिखराचा खळगा होतो आणि खळग्याचं शिखर. अँटेना धातूला टेकून असेल तर सरळ लहर आणि उलटी लहर एकाच वेळी येतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. झोका पुढं जात असताना दोघांनी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी ढकलल्यासारखं. पण अँटेना तीन सेंटिमीटर पुढं सरकवला, तर लहरीला धातूपर्यंत तीन आणि परत तीन असा सहा सेंटिमीटरचा जादा प्रवास पडतो. म्हणजे साधारण अर्धी लहर. उलटी झालेली लहर तेवढ्यात पुन्हा सरळ होऊन वेळेवर येते आणि झोक्याला दोन हातांचा जोर मिळतो.

जाळीचा धडा स्वरूप यांनी पुढं फार मोठ्या प्रमाणावर वापरला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी हा टेलिस्कोप आहे. ३० थाळ्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. एवढी मोठी थाळी सलग पत्र्याची केली असती तर वाऱ्यानं ती शिडासारखी फुगली असती आणि तिचा सांगाडा न परवडण्याइतका जड करावा लागला असता. तिथं पत्रा नाहीच. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टीलच्या तारेची जाळी आहे, घरं मध्यभागी १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरची. वारा आरपार जातो. पण खोडदला ऐकल्या जाणाऱ्या सगळ्यात आखूड लहरी वीस-एकवीस सेंटिमीटरच्या. दोन सेंटिमीटरचं भोक त्यांना दिसतच नाही, त्या परततात. स्वस्त, हलकी आणि तरीही पुरेशी. मला तर हे सगळ्या टेलिस्कोपमधलं सगळ्यात घरगुती शहाणपण वाटतं. चाळणी ज्यानं निरखून पाहिलीय त्यालाच ते सुचावं.

ऑस्ट्रेलियाची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या सीएसआयआरओनं आपल्याला त्या थाळ्या दिल्या, तिथंच जॉन ओसुलिव्हन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ इशारे सापडतात का, हे ते १९७०च्या दशकात शोधत होते. ते काही सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या लहरींतून नेमका संदेश निवडायची त्या कामात वापरलेली गणिती रीत पुढं त्यांच्या गटाला उपयोगी पडली, ती खोलीच्या भिंतींवर आपटून गोंधळलेल्या लहरी सोडवायला. १९९६ साली त्यांना त्याचं अमेरिकेतलं पेटंट मिळालं आणि आजच्या वेगवान वाय-फायमधला तो एक महत्त्वाचा भाग आहे. म्हणजे ताईच्या राउटरचं आणि कल्याणच्या थाळ्यांचं माहेर एकच!

आणि धातूच्या डब्यात फसलेली आपली ताई काही एकटी नाही. २००१ साली ॲपल कंपनीनं टायटॅनियमच्या अंगाचा एक देखणा लॅपटॉप काढला. दिसायला झकास, पण त्याचं वाय-फाय त्याच कंपनीच्या प्लॅस्टिकच्या लॅपटॉपपेक्षा कमजोर, अशी तक्रार गाजली. २००७ च्या पहिल्या आयफोनची पाठ ॲल्युमिनियमची होती, पण खालचा पट्टा काळ्या प्लॅस्टिकचा. शोभेसाठी नाही, लहरींच्या ये-जा करण्यासाठी. धातूच्या पाठीच्या पुष्कळ फोनांवर ज्या दोन बारीक रेघा असतात ना, त्याही तशाच. घरात असा फोन असेल तर शोधून काढा. तो अँटेनाचा दरवाजा आहे.

आता ताईच्या संगणकाकडे. अर्जाला दोनच दिवस उरलेत, म्हणून सगळ्यात आधी फुकटचे उपाय. राउटर लोखंडी कपाटामागं किंवा जमिनीवर असेल तर तो उंच, मोकळ्या जागी ठेवा. राउटर दोन नावांनी वाय-फाय देत असेल तर दूरवरून २.४ चं नाव निवडा. ते वेगात थोडं कमी, पण भिंतीतून जायला बरं. संगणक मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी झाकू नका, टेबलावर ठेवा. आपलं शरीर म्हणजे मुख्यतः पाणीच. मामींचा मुद्दा इथं लागू पडतो!

एवढ्यानं भागलं नाही तर दुसरा उपाय, आणि मला विचाराल तर हाच पहिला करावा. संगणकाला यूएसबीचं तोंड असेल तर वाय-फायचा छोटा डोंगल मिळतो. घेण्याआधी तो या संगणकावर चालतो ना, तेवढं विचारून घ्या. तो थेट न खोचता मीटरभर लांबीच्या यूएसबी वायरीवर लावा. झालं, अँटेना भिंतीबाहेर आला! त्याच्या मागं तीनेक सेंटिमीटरवर स्टीलचं ताट उभं करा, ताटाचं तोंड राउटरकडे. स्टीलची गोल, खोलगट चाळणी असेल तर आणखी बरं. डोंगल तिच्या पोटात मध्यावर धरा आणि पुढं-मागं करून कुठं सगळ्यात चांगलं येतं ते पाहा. "आलं का?" "नाही!" "आता?" हा जुना खेळ पुन्हा सुरू होईल. कल्याणच्या थाळीचं नातवंड म्हणा हवं तर. ताईचा अर्ज याच उपायानं वेळेत जाईल. संगणक उघडायची घाई आजच नको.

पण कायम वायर लोंबकळत ठेवणं कुणाला आवडेल? म्हणून तिसरा उपाय, अँटेनाच बदलायचा. आई-बाबांनी इथून पुढं मुलांबरोबर वाचावं, कारण हे काम मोठ्यांच्या हातचं किंवा दुरुस्तीवाल्याकडचं आहे. आत लिथियमची बॅटरी असते. ती दाबली, वाकली किंवा तिला टोक लागलं तर पेट घेऊ शकते. संगणक बंद करायचा, पाठ उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीची जोडणी काढायची. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथंच थांबवायचं. उल्हासनगर, अंबरनाथच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं रोज काम करणारे हात आहेत. त्यांच्यासमोर बसून पाहिलंत तरी पुष्कळ शिकाल. फक्त काय करायचंय ते त्यांना नेमकं सांगता आलं पाहिजे.

तर काय सांगायचं? आधी तपासणी. वाय-फायच्या कार्डातून केसासारख्या बारीक एक किंवा दोन वायरी निघतात. त्यांच्या टोकाला ब्लाउजच्या टिचबटणासारखं चिमुकलं बटण असतं. पुष्कळदा ते निसटलेलंच सापडतं. तसं असेल तर ते सरळ वरून दाबून "टिच" केलं की काम झालं, खर्च शून्य. बटण जागेवर असेल तर दुरुस्तीवाल्याला सांगा, की पाठ न लावता, बॅटरी नीट जोडून एकदा वाय-फाय मोजून बघा. पाठ काढल्यावर रेंज एकदम वाढली तर दोषी पत्रा. काहीच फरक नाही तर अँटेना किंवा त्याची वायर.

मोजायचं कसं? चार रेघांच्या चित्रावर विसंबू नका. वाय-फायची ताकद आकड्यात दाखवणारी फुकट ॲप मिळतात. आकडा उणे असतो. उणे ४० म्हणजे उत्तम, उणे ७० म्हणजे रडतखडत, उणे ८० च्या पुढं चाक फिरत बसणार. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी. उणे ४० आणि उणे ७० मध्ये हजारपटीचा फरक आहे! एकाच जागी, एकाच बाजूला तोंड करून तीनदा मोजा आणि वहीत लिहा. दुरुस्तीनंतर त्याच जागी पुन्हा. नाहीतर "हां, जरा बरं वाटतंय" एवढ्यावरच समाधान मानावं लागेल.

बदली अँटेना म्हणजे तांब्याची नक्षी असलेली, चिकट पाठीची मऊ पट्टी. बोटाएवढी किंवा त्याहून लहान. सोबत तीच बारीक वायर आणि टिचबटण. बटणं दोन मापांची येतात, एक साधारण अडीच मिलिमीटरचं, दुसरं दोन मिलिमीटरचं. मोठं लहानावर बसत नाही आणि जोर केला तर कार्डावरचं बटण उखडतं. ते उखडलं की डाग देऊन बसवणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून आधी माप, मग खरेदी. ही बटणं पुन्हापुन्हा काढ-घाल करायला बनवलेली नसतात. मोठ्या मापाच्या जोडणीची हमीच सुमारे तीसेक वेळांची. पट्टी दोन्ही वाय-फायसाठी, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची, मागून घ्यावी. काही संगणकांत कार्ड थेट पाटीवर डाग देऊन बसवलेलं असतं आणि बटण नसतंच. तिथं हट्ट करू नये, डोंगल जिंदाबाद.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी चिकटवायची कुठं? जुनी जिथं होती तिथंच नवी लावली तर जुनंच फळ मिळेल. पाठीच्या पत्र्याला आतून चिकटवली तर दोन लहरी एकमेकींना पुसतात, ते आपण पाहिलंच. संगणकाच्या अंगावर प्लॅस्टिक कुठं आहे ते शोधा. पडद्याभोवतीची काळी चौकट बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते. बिजागरीचं झाकण असतं, कडेच्या जाळीदार पट्ट्या असतात. पट्टी तिथं, सरळ पसरून, न दुमडता. बॅटरी आणि पडद्यामागचा पत्रा यांच्यापासून जमेल तितकी लांब. पट्ट्या दोन असतील तर एक आडवी, एक उभी, म्हणजे संगणक कसाही धरला तरी एकीला लहर मिळते. वायर बिजागरीत किंवा स्क्रूखाली चेपता कामा नये.

प्लॅस्टिक कुठंच नसेल तर वारा जायच्या फटीतून वायर बाहेर काढून पट्टी कडेबाहेर डोकावेल अशी बसवता येते. दिसायला बेंगरूळ. मामाच्या कौतुकाच्या ॲल्युमिनियमवर ती बांडगुळासारखी दिसेल. पण जुन्या मोटारींचा अँटेना बाहेर काठीसारखा का असायचा? पत्र्याच्या डब्यात रेडिओ ऐकायचा तर कांडी डब्याबाहेरच हवी. तेव्हा कुणी लाजलं नाही, मग आपण का लाजावं?

आणि हो, "रेंज वाढवणारं स्टिकर" म्हणून जी सोनेरी चकती विकायला असते, ती घेऊ नका. तिला ना वायर ना जोडणी. ते पैसे वाचवा आणि त्याची भजी खा. मोबाइल टॉवरची रेंज वाढवणारी यंत्रंही परवान्याशिवाय बसवणं बेकायदा आहे, त्यानं शेजाऱ्यांचे फोन बिघडतात. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र सरकारनं २००५ साली कमी ताकदीच्या वापरासाठी परवान्यातून मोकळा केला आहे. म्हणून साधा अँटेना बदलायला कुणाला विचारावं लागत नाही.

सुट्टीनंतर कधी जमलं तर खोडदला जा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं प्रदर्शन भरतं, तेव्हा शाळांच्या सहली येतात. त्या जाळीच्या थाळ्यांखाली उभं राहिलं की मान दुखते. ताईचा संगणक बरोबर नेलात तर तो आधीच बंद करून दप्तरात ठेवा, मोबाइलही. कारण अब्जावधी किलोमीटरवरून आलेला कुजबुजता आवाज ऐकणाऱ्या अँटेनाला तुमचं वाय-फाय म्हणजे कानाशी वाजणारा ताशा. तिथले संगणकही गोंगाट करतातच, म्हणून ते धातूनं मढवलेल्या बंद खोलीत ठेवले आहेत. तोच फॅरेडेचा पिंजरा. तिथं मात्र लहर बाहेर निसटू नये म्हणून दाराच्या फटीसुद्धा बुजवलेल्या असतात.